तालुक्याएवढे राष्ट्र

(आटपाडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘क्रीडा आणि राष्ट्रजीवन’ असा भारदस्त आहे. मी मात्र आज आपल्यापुढे मांडणार आहे पाच सेंटिमीटरांची गोष्ट. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पुरुषांच्या गोळाफेकीत, एफ-४६ या गटात, आपल्या करगणीच्या सचिन सर्जेराव खिलारी याने १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक मिळवले. कॅनडाचा ग्रेग स्ट्युअर्ट १६.३८ मीटरवर होता. सहा सेंटिमीटरांनी आपले सुवर्ण हुकले, ही चुटपुट त्या दिवशी साऱ्या तालुक्याने बोलून दाखवली. पण तिसऱ्या क्रमांकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. तिसरा होता क्रोएशियाचा लुका बाकोविच, १६.२७ मीटर. सचिनच्या मागे केवळ पाच सेंटिमीटर.

क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली हे आपले दोन जिल्हेच मिळून अठ्ठावन्न लाखांच्या घरात जातात. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांहून लहान असलेले एक राष्ट्र एकशेचाळीस कोटींच्या राष्ट्राच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभे होते. त्या दिवसापासून माझ्या मनात हा प्रश्न घोळतो आहे, की लहान राष्ट्र म्हणायचे तरी कोणाला?

क्रोएशिया तरी बराच मोठा. कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाचे बेट आहे. ते ७ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र झाले. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर. आपल्या आटपाडी तालुक्याची २०११ ची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या तालुक्यापेक्षा पुष्कळच कमी. तेव्हा ग्रेनाडा म्हणजे एक तालुका. फक्त त्याला स्वतःचे निशाण आहे, राष्ट्रगीत आहे आणि ऑलिम्पिकच्या संचलनात चालण्याचा हक्क आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून तो ते हक्काने बजावतो आहे.

या तालुक्याने काय केले, पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गुयाव्ह नावाच्या मासेमाऱ्यांच्या गावातला किरानी जेम्स नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा ४०० मीटर शर्यत ४३.९४ सेकंदांत धावला आणि ग्रेनाडाला त्याचे पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले, तेही थेट सुवर्ण. त्या वर्षी भारताने सहा पदके आणली, पण त्यांत सुवर्ण नव्हते. त्यामुळे पदकतालिकेत हा तालुका आपल्या वर होता! त्यांच्या सरकारने देशाला अर्ध्या दिवसाची सुटी दिली. किरानीने पुढे २०१६ ला रौप्य आणि टोकियोला कांस्य मिळवले. पॅरिसला २०२४ मध्ये ग्रेनाडाने दोन कांस्यपदके घेतली. त्यांतले एक अँडरसन पीटर्सचे, भालाफेकीत. हे नाव आपल्याला माहीत असायला हवे, कारण २०२२ च्या जागतिक स्पर्धेत आपल्या नीरज चोप्राला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून सुवर्ण नेणारा हाच तो पीटर्स. नीरजचा भाला टीव्हीवर पाहताना आपण त्याच्या पुढच्या-मागच्या दहा जणांची नावे पाठ केली, पण त्यांतल्या एकाचा देश आपल्या तालुक्याएवढा आहे हे आपल्या ध्यानीही आले नाही.

हे काही दैवी चमत्कार नव्हेत. आणि लहान असणे हा काही गुणही नव्हे. जगातल्या अनेक लहान राष्ट्रांना आजवर एकही पदक मिळालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग ग्रेनाडाचे वेगळेपण कशात? तिथे माध्यमिक शाळांच्या वार्षिक मैदानी स्पर्धा होतात. त्यांना तिकडे ‘इंटरकोल’ म्हणतात आणि तो देशाचा सण असतो. आपल्याकडे यात्रेला लोक लोटतात तसे तिथे शाळकरी पोरांच्या शर्यती पाहायला लोक जातात. त्यातून निवडलेली मुले ‘कॅरिफ्टा’ नावाच्या स्पर्धेत शेजारच्या बेटांच्या मुलांशी दरवर्षी झुंजतात. ती स्पर्धा १९७२ पासून चालू आहे. चांगल्या मुलाला पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळते. किरानीही तसाच अलाबामाला गेला. म्हणजे शेवटचा टप्पा त्यांनाही घराबाहेरच गाठावा लागला. परंतु पहिला टप्पा, जिथे एखादा गुरुजी एखाद्या पोराला पाहतो आणि म्हणतो ‘हा वेगळा आहे’, तो त्यांनी एकाही मुलाच्या बाबतीत सुटू दिला नाही. सव्वा लाखांच्या देशाला एक मूलही वाया घालवणे परवडत नाही. आपल्याला परवडते, असा आपला समज आहे.

आणि संकटे त्यांच्याही नशिबी आहेत. आपल्याला जसा दुष्काळ, तसे त्यांना चक्रीवादळ. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ वादळाने त्या देशातल्या बहुसंख्य घरांची छपरे उडवली. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने त्यांच्या कॅरियाकू बेटाची दैना केली. पॅरिसचे संचलन तेव्हा चार आठवड्यांवर आले होते. तरी ते गेले, आणि दोन पदके घेऊन आले. माणदेशाच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. इथला माणूस बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला. पाणी नाही म्हणून गलाईच्या धंद्याला तमिळनाडू, केरळपासून उत्तरेपर्यंत गेला, तिथल्या सराफ बाजारांत भट्टी लावून बसला आणि गावाकडे मनीऑर्डर करीत राहिला. ग्रेनाडाचेही असेच आहे. त्यांची माणसे न्यूयॉर्कला, लंडनला पोटापाण्यासाठी पांगलेली, आणि बेटावरचा मुलगा धावला की तिथे नाचणारी.

आता मी तुम्हाला थोडे मागे नेतो. आपणही एकदा ‘लहान राष्ट्र’ होतो. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला पहिला भारतीय संघ गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी खेड्यातली मुले पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात तो विचार आला आणि त्यांनीच पुढाकार घेतला. सुमारे बत्तीस कोटींच्या देशातून गेले किती, तर सहा खेळाडू. फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, पूर्णचंद्र बॅनर्जी हे धावपटू, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे. एवढा विशाल देश, पण परतंत्र. म्हणून त्याचे संचलन एवढे लहान. राष्ट्राचे लहानमोठेपण नकाशावर मोजायचे नसते, हे त्या सहा जणांकडे पाहिले की पटते.

आणि त्याच काळात आपल्या आटपाडीत काय चालले होते? आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. बहात्तर गावांचे संस्थान, तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांचे. त्याचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी. भारतभरातल्या मोठमोठ्या संस्थानिकांचा वेळ आणि पैसा शिकारीत नि मेजवान्यांत जात असताना या राजाने एक वेड घेतले, सूर्यनमस्काराचे. स्वतः रोज घालायचे आणि प्रजेच्या मुलांकडून घालून घ्यायचे. संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक इंग्लंडमध्ये निघाले आणि तिकडची माणसेही सकाळी उठून नमस्कार घालू लागली. याच राजाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची मुक्त वसाहत उभी केली. ज्यांना समाजाने कुंपणाच्या आत टाकले होते त्यांना कुंपणाबाहेर आणून त्यांच्यावर विश्वास टाकला. ही दोन कामे निरनिराळी वाटतात. मला ती एकाच मनाची वाटतात. माझ्या राज्यातला एकही माणूस उगाच खर्ची पडता कामा नये, असे मानणारे मन. औंध हे खऱ्या अर्थाने लहान राष्ट्र होते आणि आपले आजोबा त्याचे नागरिक होते.

आपल्या भागात देहबळाची परंपरा जुनी आहे, हे मी या सभेत सांगायला नको. समर्थांनी शिराळ्याला, बहे-बोरगावला मारुतिराय उभे केले ते काही केवळ शेंदूर लावण्यासाठी नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीतून. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्य आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, आणि कराडला त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिची दुसरी बाजू सांगत नाही: देशाचा मल्ल जागतिक स्पर्धेला जाणार आणि त्यासाठी एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागणार! आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या निधनानंतर.

आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची कथा याहून कठीण. सैन्यातला मुष्टियोद्धा. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचा भाग गेला. पुढे तो माणूस पोहू लागला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, वैयक्तिक सुवर्ण मिळवणारा पहिला भारतीय हा आपल्या सांगली जिल्ह्यातला. अभिनव बिंद्राच्या छत्तीस वर्षे आधीचा. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? २०१८ ला पद्मश्री मिळाली, २०२४ ला त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे शेजारच्या तालुक्यांना कळले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे उलटली होती. आणि त्याच समारंभात अर्जुन पुरस्कार घेणाऱ्यांत करगणीचा सचिन खिलारीही होता. एकाला पदकानंतर बावन्न वर्षांनी, दुसऱ्याला चार महिन्यांनी. या दोन आकड्यांमध्ये देश किती बदलला ते दिसते, आणि तो बदल मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. १९६८ च्या तेल अवीव स्पर्धेपासून २०१६ च्या रिओपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षांत, भारताला पॅरालिम्पिकमध्ये एकूण बारा पदके मिळाली होती. त्यानंतरच्या दोनच स्पर्धांत, टोकियोला एकोणीस आणि पॅरिसला एकोणतीस, अशी अठ्ठेचाळीस मिळाली.

पॅरालिम्पिक या स्पर्धेचा जन्मही पाहण्यासारखा आहे. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. त्या संघात आपले खाशाबाही होते. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमान यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. गुटमान हे हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. पाठीचा कणा मोडलेला माणूस म्हणजे पलंगावर मरणाची वाट पाहणारा जीव, असे वैद्यकशास्त्रही तेव्हा मानत असे. त्यांनी त्याला पलंगावरून उठवून हातात धनुष्य दिले. पुढे १९६० साली रोमला पहिली पॅरालिम्पिक झाली.

आता एफ-४६ म्हणजे काय, ते सांगतो, कारण हे अक्षर नि हा आकडा आपल्या घरांपर्यंत पोहोचलेला नाही. ‘एफ’ म्हणजे फेकीचे प्रकार, ‘टी’ म्हणजे धावणे व उड्या. आकडा सांगतो अपंगत्वाचा प्रकार आणि प्रमाण. ४६ म्हणजे साधारणतः एका हाताचे अपंगत्व. दृष्टिहीनांचे आकडे वेगळे, बुटक्या बांध्याच्या माणसांचे वेगळे, खुर्चीवरून खेळणाऱ्यांचे वेगळे. सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला हातात असला म्हणून गट मिळत नाही. त्यासाठी खेळाची स्वतंत्र तपासणी होते आणि तज्ज्ञ गट ठरवतात. आपल्याकडे दाखला काढतात तो एसटीच्या सवलतीसाठी नि पेन्शनसाठी. तो काढावाच. पण त्याच मुलाला या दुसऱ्या तपासणीकडे न्यायचे असते हे आईबापांना सांगणारे कोणी नसते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. तो कायदा गावात कोणी वाचलेला नाही, आणि वाचायला हवा होता तो आपण, कार्यकर्त्यांनी.

सचिन शेतकरी कुटुंबातला. शाळेत असताना सायकलवरून पडला आणि डावा हात मोडला. पुढे त्या हाताला गँगरीन झाले, कोपराचे स्नायू गेले, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, तरी हात पूर्ववत झाला नाही. शिकायला पुण्याला गेला, तिथे आधी भाला हाती घेतला, खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कामही त्याने केले. २०२३ ला पॅरिसमध्ये १६.२१ मीटर फेकून तो जागतिक विजेता झाला, २०२४ च्या मे महिन्यात जपानमधल्या कोबे येथे १६.३० मीटरने पुन्हा झाला, मधल्या काळात हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण. पॅरिसचे ते १६.३२. याचे आपण स्वागत केले, हार घातले, फ्लेक्स लावले. पण सायकलवरून पडून हात मोडणे ही आपल्या खेड्यांत रोजची गोष्ट आहे. त्या मुलाला वेळेत कुठे न्यायचे, कोणी न्यायचे, गाडी कोणाची, याचा विचार फ्लेक्स लावताना कोणाच्या मनात आला का? माझ्याही आला नाही.

एक प्रसंग सांगतो. लंडनला २०१२ मध्ये ४०० मीटरच्या उपान्त्य शर्यतीत किरानी जेम्सबरोबर दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस धावला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला, कृत्रिम पात्यांवर धावणारा. तो शेवटचा आला. शर्यत संपताच किरानी त्याच्यापाशी गेला आणि छातीवरच्या नावाच्या पट्ट्या दोघांनी बदलून घेतल्या. त्या पिस्टोरियसच्या हातून पुढे घोर कृत्य घडले, त्याला शिक्षा झाली. तो भाग वेगळा. मी बोलतो आहे ते किरानीबद्दल. तालुक्याएवढ्या देशातल्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी स्वतः सुवर्ण जिंकायचे होते. तरी शेवटच्या क्रमांकाच्या माणसाकडे जावे, त्याचे नाव मागून घ्यावे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आपण तर समरसतेवर बौद्धिके घेतो.

हे मी दुसऱ्या कोणाला उद्देशून म्हणत नाही. तीसएक वर्षांपूर्वी मी याच तालुक्यातल्या एका गावी शिक्षक होतो. सायंकाळी मैदानावर शाखा लागे. शाखेत एक मुलगा यायचा. कडबाकुट्टीत डावा हात कोपरापासून गेलेला. नेमाने यायचा, सर्वांआधी यायचा. मी त्याला कबड्डीत घेत नसे. लागेल, पडेल, आईबाप काय म्हणतील, असा माझा विचार. मी त्याला गुण मोजायला रेषेबाहेर बसवले. आपण फार चांगले वागतो आहोत, त्याला ‘सामावून’ घेतो आहोत, असे मला वाटे. चार वर्षे तो मुलगा रेषेबाहेर बसून दुसऱ्यांचे गुण मोजत राहिला. आणि तोच मुलगा घरी एका हाताने पेंडीचे पोते उचलून बैलगाडीत टाकी, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. पाहून कौतुकही केले होते. पण ते पोते आणि ते मैदान यांचा संबंध माझ्या डोक्यात जुळला नाही. मी शिक्षक होतो, शाखा घेत होतो, आणि तरी मला दिसले नाही. ग्रेनाडाच्या एखाद्या गुरुजीला कदाचित दिसले असते.

तो आज तमिळनाडूत गलाईच्या दुकानात हिशेब पाहतो. संसार आहे, मुले आहेत, सुखात आहे. सचिनच्या पदकाची बातमी आली त्या रात्री उशिरा त्याचा फोन आला. गावाकडचा पोरगा, म्हणून आनंदाने बोलला. मग म्हणाला, “गुरुजी, ते एफ-४६ म्हणत्यात, त्यात मी बसलो असतो का वो?”

मी म्हणालो, “तपासणी करणारे ठरवतात बाबा. पण बहुतेक बसला असतास.”

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग विचारले, “गोळा किती किलोचा असतोय?”

“सहा किलोचा.”

“सहाच?” एवढेच म्हणाला तो, आणि मग मुलांच्या शाळेविषयी बोलत राहिला.

बंधुभगिनींनो, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओला अंतिम शर्यत धावली, सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमला रौप्य उचलले. ही मुले आपापल्या जिद्दीवर गेली. मला त्यांच्याविषयी आज अधिक सांगायचे नाही. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. आज मला फक्त रेषेबाहेर बसलेल्यांची यादी हवी आहे. या सभागृहात सतरा-अठरा गावांचे कार्यकर्ते दिसत आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातली अशी मुले आठवून, वय आणि अपंगत्व लिहून, जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नोंदवावीत. गलाईवाल्या बांधवांपैकी दोघांनी तपासणीच्या प्रवासखर्चाची जबाबदारी आपणहून घेतली आहे. उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर यायचे आहे. मुलींना नि लहानांना तीन-चार किलोचे गोळे आणलेले आहेत. एक सहा किलोचाही आहे.